फळ्यावरचे सेकंद

तपासणी प्रयोगशाळेतली लिफ्ट रुग्णांसाठी आणि डॉक्टरांसाठी होती. तळमजल्यावर घेतलेलं रक्त तिसऱ्या मजल्यावर पोचवायला जिना होता आणि 'एक्स्प्रेस' होती. चाळिशीच्या या बाईला हे नाव प्रयोगशाळेनंच ठेवलेलं. एकेकाळी ती अडथळ्यांची शर्यत धावायची. पुढे तिनं शाळेत खेळ शिकवले, विमा विकला, व्हॅन चालवली आणि शेवटी इथे रक्ताच्या नळ्यांचा डबा उचलला.

ती पहिल्या पायरीवर आली की खालून फोन जायचा, "सुटली." वर धाकटा तंत्रज्ञ मोबाइलवर वेळ लावायचा. दाराला आडवी फीत बांधलेली असायची. ती छातीनं तोडली की आकडा फळ्यावर चढायचा.

"चौतीस सेकंद! ताई, वय विसरलात वाटतं."

ती हसायची. नोकरी टिकवायची तर हसणं भाग होतं.

पुढच्या चार महिन्यांत फळ्यावर सदतीस आलं, मग एक्केचाळीस, अठ्ठेचाळीस.

"एक्स्प्रेसची पॅसेंजर झाली की," तंत्रज्ञ म्हणाला. सगळे हसले.

तिनं व्यवस्थापकाकडे लिफ्ट वापरायची परवानगी मागितली. "साहेब, गुडघा फार दुखतो. महिनाभर तरी."

"धावपटूला लिफ्ट? उद्या मासा छत्री मागेल."

अठ्ठावन्न सेकंदांच्या दिवशी तंत्रज्ञानं आकड्याशेजारी कासव काढलं. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कोसळली. पडतानाही डबा तिनं डोक्यावर धरला होता.

"नळ्या फुटल्या नाहीत ना?" तंत्रज्ञानं वरून विचारलं.

"नाही," ती खालून म्हणाली.

संध्याकाळी प्रयोगशाळेतल्या एक्स-रेवाल्या काकांनी तंत्रज्ञाला बोलावून तिच्या गुडघ्याची फिल्म दिव्यासमोर धरली. "मधली गादी संपली. हाडावर हाड घासतंय. हे एका दिवसात होत नाही."

"मला कसं कळणार, काका?"

"तुलाच कळायला हवं होतं. घड्याळ तुझ्या हातात होतं. रुग्णाचा एखादा आकडा चार महिने असा चढत गेला असता, तर काय केलं असतंस?"

"डॉक्टरांना फोन."

"इथे कासव काढलंस."

मोजमाप अचूक होतं. चुकला होता तो मोजणारा.

सकाळी व्यवस्थापक तिला सांगत होता, "जिना नाही तर काम नाही." तंत्रज्ञ मध्ये पडला. "डबा आम्ही पाळीपाळीनं नेऊ. ताई खाली बसून नळ्यांना चिठ्ठ्या लावतील. नाहीतर मीही चाललो." बाकीचेही मागे उभे राहिले, तेव्हा कुठे व्यवस्थापक नरमला.

तंत्रज्ञ तिच्याजवळ बाकावर बसला. "ताई, माफ करा. चूक झाली."

"आमचे प्रशिक्षकही आकडाच बघायचे," ती गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाली. "दुखलं की सुई टोचून पळवायचे. अर्धा गुडघा त्यांनी खाल्ला. उरलेला तुम्ही." मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. "माफीला किती वेळ लागला?"

तिनंच बोटांवर मोजलं.

"चार महिने. जा, लिही फळ्यावर."

तो वर गेला, कासव पुसलं आणि 'चार महिने' लिहिलं. ते अजून तिथे आहे.

वाचकहो, आपल्याही कचेरीत कुणाचं काम मंदावलं असेल, कुणाचा वेग थट्टेचा विषय झाला असेल. आकडा जरूर बघा. पण हसण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा, कुठे दुखतंय?