परांची

"पण सोडली कोणी?" बाबांनी विचारलं.

डॉक्टर गोंधळले. मूत्रपिंडाचा तुकडा तपासून आला होता आणि ते मघापासून समजावत होते. "गाळणीला बाहेरून बिलगलेल्या पेशी असतात, काका. एकीचे पाय दुसरीच्या पायांत गुंतलेले. मधल्या फटींतून पाणी जातं, प्रथिनं रक्तात राहतात. त्या पायांना आतून बारीक तंतूंचा सांगाडा आकारात धरून ठेवतो. तुमचा तो सांगाडा ढासळलाय. पाय चपटे झालेत, प्रथिनं लघवीतून चाललीत. म्हणून फेस, म्हणून ही सूज."

"म्हणजे परांची बसली," बाबा म्हणाले होते, आणि डॉक्टरांनी खुशीत मान डोलावली होती. उंच इमारतींना बाहेरून बांबूंची परांची बांधण्यात बाबांचा जन्म गेला. गवंडी, रंगारी तिच्यावर चढत. काम संपलं की ती उतरे आणि भिंत तेवढी उरे.

"कोणी नाही सोडली," डॉक्टर आता म्हणाले. "पुष्कळदा कारण सापडतच नाही."

बसमध्ये बाबा लेकीला म्हणाले, "माणूस भला आहे. पण लपवतोय."

"काय लपवणार ते?"

"परांची आपोआप बसत नसते. माझंच काही चुकलं असेल तर सांग म्हणावं तोंडावर. मी काय रडणार आहे?"

गोळ्यांनी त्यांचा चेहरा वाटोळा झाला. "जन्मभर मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, आता मीच मुकादम दिसतो," आरशात बघून ते म्हणत. नडगीवर बोट दाबलं की खड्डा तसाच राही. "बघ, ओला गिलावा." लेक हसे आणि खड्डा भरून यायची वाट बघे. ही वाट लांबत गेली. फेस हटला नाही.

पुढे दवाखान्यात शुद्ध येई-जाई, हात मात्र थांबत नसत. बँडेजची एक पट्टी त्यांनी खाटेच्या दांडीला आवळून बांधली.

"काका, हे काय चाललंय?" नर्सनं विचारलं.

"बांधू दे, बाई. वर माणसं आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

खाट पुढच्या पेशंटसाठी हवी होती. नर्सनं पट्टी ओढून पाहिली. गाठ आणखीच आवळली. "सुटतच नाही हो, ताई. कात्री आणते."

लेक दांडीपाशी उभी राहिली. लहानपणी ती अशीच एकदा सुंभाच्या गाठीशी झटत बसली होती, तेव्हा बाबांनी तिचे हात धरले होते. "ओढू नको, वेडाबाई. आत ढकल. तिला वाटलं पाहिजे, आपल्याला कुणी घट्टच करतंय."

तिनं पट्टीचं टोक दोन बोटांत धरलं आणि हलकेच आत ढकललं.

नर्स कात्री घेऊन आली तेव्हा दांडी मोकळी होती.

"अगं बाई, सोडली कोणी?"

"मी," लेक म्हणाली, आणि पट्टीची घडी घालत राहिली.