कोटाच्या बाहीत लपवलेलं पुस्तक

मी एक जुनं पुस्तक बोलतोय. घरच्या घरी रेडिओ कसा बनवावा, हे शिकवणारं. माझ्या नारिंगी वेष्टनावर कानाला यंत्र लावून बसलेली एक मुलगी आहे. ती इतकी खुशीत हसते की मला पाहून कुणालाही वाटावं, हे बापडं काय कुणाचं वाकडं करणार! तसं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

टोरांटोच्या एका छापखान्यात १९५८ साली माझा जन्म झाला. तिथून मी नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार गावात, एडना झ्विकर नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीकडे गेलो. एडनाने मला नुसतं वाचलं नाही, राबवून घेतलं. शेहेचाळिसाव्या पानावरच्या आकृतीवर तिच्या बोटांचे डाग आहेत आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलंय, ‘१४ मार्च. ऐकू आलं! बाबांना सांगितलं. ते म्हणाले, आधी जाळं शिवून टाक.’

पुढे एडना मोठी झाली, म्हातारी झाली. मी होड्या ठेवायच्या खोलीत एका खोक्यात पडून राहिलो. तिथल्या भिंतींना सदा ओल. कधीतरी माझ्या शिवणीत बुरशी शिरली. दुखलं नाही, म्हणून मला कळलंही नाही.

एडना गेल्यावर तिच्या भाच्यांनी सगळी खोकी चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला दिली. तिथे मला मोईराने उचललं.

मोईरा गिलिस ही केप ब्रेटनची पोर, हॅलिफॅक्सला भूगर्भशास्त्र शिकत होती. शनिवार उजाडला की बसने कुठल्या ना कुठल्या चर्चच्या तळघरात हजर. इतर मुलं तिथे कप-बशा आणि स्वेटर बघत. ही थेट पुस्तकांच्या खोक्यात कोपरापर्यंत हात घालायची. पुस्तक हाती आलं की आधी वास घ्यायची, मग आतल्या पानावर कुणाचं नाव आहे का ते बघायची. चिकटलेली किमतीची चिठ्ठी हेअर ड्रायरने गरम करून इतक्या हळुवारपणे सोडवायची की आमचा पापुद्रासुद्धा निघत नसे. हिवाळ्याचे बूट फाटले होते, तरी ते पुढच्या महिन्यावर ढकलून तिने स्वयंपाकाची, शिवणकामाची, पक्ष्यांची, होडीच्या दोरांच्या गाठींची पुस्तकं जमवली होती. पलंगाखाली जागा संपली तेव्हा तिने आम्हाला कपाटात कपड्यांखाली रचलं.

मोईराचं भाड्याचं घरही एका तळघरातच होतं. तिथे तिच्याबरोबर रेने तिबोदो राहायची. क्लेअर भागातली, घरी फ्रेंच बोलणारी, क्लॅरिनेट वाजवणारी. दोघींचं रोज वाजायचं आणि रोज जमायचं.

“मोईरा, अगं बटाटे कुठे ठेवू? कांद्यांच्या टोपलीत पुस्तकं आहेत!”

“कांदे तिकडे, टेबलाखाली. आणि वरचं उचलू नकोस हं, त्याची पाठ सुटलीय.”

“तुझ्या डोक्याची पाठ सुटलीय, बाई.”

असं म्हणत रेने बटाटे खिडकीत ठेवायची. तिच्या हातचा किसलेल्या बटाट्याचा आणि कोंबडीचा ओव्हनमध्ये भाजलेला जाड थर दोघी भांड्यातूनच खायच्या.

ऑक्टोबरमध्ये रेनेला खोकला लागला. लहानपणचा दमा परतला होता. डिसेंबरात माँट्रियलच्या एका वाद्यवृंदाच्या निवडीसाठी तिला वाजवून दाखवायचं होतं आणि इथे लांब सूर धरला की मध्येच श्वास तुटायचा. डॉक्टरांनी विचारलं, “घरात बुरशी आहे का?”

त्या रविवारी दोघींनी खोकी उघडली. रेने तोंडाला रुमाल बांधून दारात बसली आणि मोईरा एकेक पुस्तक नाकाला लावत होती. ज्याला कुबट वास आला ते काळ्या पिशवीत. साठ-सत्तर गेली. मोईरा रडत नव्हती, पण प्रत्येकाचं नाव मात्र मोठ्याने वाचत होती.

“राहू दे गं, मी दुसरं घर शोधते,” रेने म्हणाली.

“गप्प बस. पुस्तकांसाठी तुला घराबाहेर काढू?”

मग माझी पाळी आली. मला वास येत होता, भरपूर येत होता. तिने शेहेचाळिसावं पान उघडलं आणि एडनाच्या अक्षरावरून अंगठा फिरवला. रेने तेवढ्यात पाणी प्यायला उठली. मोईराने झटकन मला कपाटातल्या जाड कोटाच्या बाहीत सरकवलं.

“झालं,” ती म्हणाली. “सगळी गेली.”

त्या कपाटाची मागची फळी म्हणजे रेनेच्या उशाची भिंत. पातळ लाकूड, वर दोन फटी. बाहीच्या अंधारात मला तिचा क्लॅरिनेट ऐकू यायचा, आणि सूर तुटला की खोकलाही. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

निवडीसाठी निघायच्या दिवशी सकाळी रेने बॅग घेऊन स्वयंपाकघरात आली आणि टेबलाला धरून खालीच बसली. इन्हेलर दोनदा, तीनदा ओढला, पण श्वास आत जाईना. रुग्णवाहिका आली. विमान तिला न घेताच गेलं.

दुपारी मोईरा एकटी परतली. तिने मला बाहीतून ओढून काढलं आणि दोन पिशव्यांत घालून घट्ट बांधलं. मग मला दप्तरात कोंबून ती दवाखान्यात गेली. मला बाहेर काढलं नाही, पण बोलणं ऐकू आलं.

“एक राहिलं होतं,” मोईरा म्हणाली. “म्हणजे... मी ठेवलं होतं.”

“कुठलं?”

“रेडिओचं. एडनाचं.”



“डॉक्टर म्हणतात भिंतींनाही ओल आहे. तुझ्या पुस्तकानेच झालं असं नाही,” रेने म्हणाली. आवाज अजून चिरका होता. “पण मला सांगितलं असतंस तर आपण ते बाहेर ठेवलं असतं. मी नको म्हटलं असतं का गं?”



आठवड्याने रेनेचा भाऊ येऊन तिचं सामान घेऊन गेला. भांडण झालं नाही. त्यापेक्षा ते बरं झालं असतं.

आता मी मागच्या दाराबाहेर, पत्र्याच्या कपाटात, बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी आहे. मोईराला मला फेकवत नाही आणि घरातही घेववत नाही. शनिवारी आता ती कुठे जात नाही. फाटक्या बुटांनी बर्फातून येते, कपाट उघडते, प्लॅस्टिकमधून माझ्याकडे बघते. मग फोन काढून रेनेला काहीतरी लिहिते, पुसते, पुन्हा लिहिते, पुन्हा पुसते. बोटं लाल होईपर्यंत हेच चालतं.

मोईरा, मला कचऱ्यात टाकलंस तरी मी रागावणार नाही. आजवर पुष्कळ जपलंस. पण असं दारात उभं राहून माझ्याकडे बघत बसू नकोस. घरात जा, हात शेकून घे आणि फोन लाव. ती उचलणार नाही कदाचित. तरी लाव.