त्या दुसऱ्या मुलाची पट्टी

मी एक पुठ्ठ्याची पट्टी बोलतेय. मापं घेणारी नव्हे हं! माझ्या पोटात एक लांबट खिडकी आहे. मला पुस्तकावर ठेवलं की खिडकीतून एकच ओळ दिसते, बाकीच्या झाकल्या जातात. एवढंच माझं काम. पण आत्ता माझा जीव टांगणीला लागलाय, म्हणून बोलतेय.

माझा जन्म शाळेच्या जिन्याखालच्या छोट्या खोलीत झाला. तिथे मुलांना वाचायला मदत करणाऱ्या बाईंनी बुटांच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्यावर काळा कागद चिकटवला आणि पातं फिरवलं. नेमकी तेव्हाच घंटा झाली, बाई दचकल्या आणि खिडकीचा एक कोपरा तिरका कापला गेला. "चालेल गं," असं त्या मलाच म्हणाल्या. तेव्हापासून मी जरा भित्रीच.

मला केलं ते ठमीसाठी. ठमी तिसरीत आहे. गुडघे कायम खरचटलेले, आणि गोष्ट सांगायला लागली की थांबायचं नाव नाही. पण वाचायला बसली की ओळी एकमेकींत घुसायच्या, वरची वाचता वाचता ती खालच्या ओळीत घसरायची आणि मग तिचं पोट दुखायचं. ढोंग नव्हतं ते, खरंच दुखायचं.

आता वाचायला मदत लागेल, हे तिला सांगायचं कुणी? पोर खट्टू होईल, मुलं चिडवतील, म्हणून आईबाबांच्या तोंडून शब्द निघेना. शेवटी त्यांनी बाईंनाही गळ घातली आणि ठमीला सांगितलं, "बाईंना एका दुसऱ्या मुलासाठी पट्टी करायचीय. ती चालते का, ते तू वाचून बघायचं. तू तपासनीस!"

झालं! ठमीची स्वारी रोज ऐटीत जिन्याखाली जायला लागली. मला पानावरून सरकवत भराभर वाचायला लागली. पोटदुखीही थांबली. घरात सगळे खूश, मी मात्र धास्तावलेली. हिला कळलं तर? या विचाराने मला दप्तरात चैन पडायची नाही.

आज संध्याकाळी ठमीने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"तपासून झाली. उद्या त्या मुलाला देऊन टाकते. बिचारा केव्हाचा वाट बघत असेल."

माझी तर पाचावर धारण बसली. कपड्यांच्या घड्या घालणारी आई जागच्या जागी थांबली. "नळ गळतोय वाटतं," म्हणत बाबा उठायला लागले.

"नळबिळ काही गळत नाहीये. बस इथे," आई म्हणाली. मग ठमीकडे वळली. "ठमे, दुसरा मुलगा कुणी नाहीये. पट्टी तुझ्यासाठीच आहे."

"माझ्यासाठी? का? मी ढ आहे?"

"नाही गं राणी! तुला सगळं चटकन कळतं. फक्त छापलेल्या ओळी तुझ्यासमोर गर्दी करतात. त्यासाठी मदत लागते, ती बाई देतात. पुढेही लागेल."

"बाईंना माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून."

"आम्ही घाबरलो होतो गं," बाबा म्हणाले.

ठमी रडली. भोकाड पसरून रडली असती तर बरं वाटलं असतं, पण ती नुसती मान खाली घालून रडत राहिली. मला फार वाईट वाटलं. मग नाक पुसून तिने मला उचललं. आता ही मला फाडणार, असंच वाटलं. पण तिने मला दिव्यासमोर धरलं आणि तिरक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"इथे शेवटच्या शब्दाचे उकार झाकले जातात. आणि एकच ओळ दिसली की पुढे काय आहे ते कळत नाही. दोन दिसायला हव्यात."

"अगं, पण तू तर चालते म्हणालीस ना?" आईने विचारलं.

"त्या मुलाला चालली असती. मला नाही चालत."

बाबा आता कात्री शोधायला गेलेत. आतून खण उघडल्याचा आवाज येतोय आणि मी इथे टेबलावर पडून आहे. कात्रीची मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण हवं तितकं कापा मला. फक्त यापुढे ठमीसाठी जे काही ठरवाल, ते तिला समोर बसवून ठरवा.