सात घास

“हे अक्षर तुमचंच ना, बाई?”

खात्याच्या वकिलाने माझी नोंदवही माझ्या नाकासमोर धरली होती. निळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर दुधाचा डाग पडलेली.

“माझंच.”

“मग वाचा की मोठ्यानं.”

मी वाचलं. “आज चिमणीने स्वतः चमचा धरून सात घास खाल्ले.” पुढे मी एक उद्गारचिन्हही ठोकलं होतं. इतकी वर्षं झाली, पण ते उद्गारचिन्ह आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

चिमणी तेव्हा बारा वर्षांची होती. जन्मापासून हातपाय ताठ, तोंडातून शब्द नाही. पण कळायचं सगळं. ‘हो’ म्हणायचं असलं की छताकडे बघायची, ‘नाही’ म्हणायचं असलं की डोळे मिटायची. वडील केव्हाच निघून गेलेले. आई धुलाईच्या कारखान्यात इस्पितळांच्या चादरींना इस्त्री करायची. तेवढ्या वेळेसाठी सरकारी खात्याने नेमलेली मदतनीस म्हणजे मी. रोजचे सहा तास. उचलायचं, न्हाऊ घालायचं, कूस बदलायची, भरवायचं आणि निघताना खात्याला दाखवायच्या वहीत लिहायचं. तीन वर्षं त्या वहीत जेवणापुढे एकच शब्द होता : भरवलं.

चमच्याचं खूळ माझंच. मुठीत नीट बसावा म्हणून त्याच्या दांड्याला जुन्या फलालीनच्या कापडाची पट्टी गुंडाळून तो लाटण्याएवढा जाड केला. अकरा महिने रोज तो तिच्या हातात द्यायचा आणि रोज जमिनीवरचं सांडलेलं पुसायचं. आणि एका दुपारी सात घास! संध्याकाळी आई आली तेव्हा मी दारातच तिला सांगितलं. ती चपला न काढताच आत धावली.

“मावशी, वहीत लिहिलंत ना? ठळक लिहा, ठळक!”

मी ठळक लिहिलं.

दोन महिन्यांनी खात्याचं पत्र आलं. मुलीच्या क्षमतेत सुधारणा झाल्याने मदतीचे तास सहावरून दोन करण्यात येत आहेत. अडचण असल्यास मुलीला संस्थेत दाखल करता येईल.

आईने पत्र दोनदा वाचलं. “तुमच्या त्या वहीनं घात केला, मावशी.” मग पत्राची घडी घालत म्हणाली, “मीच म्हटलं होतं, ठळक लिहा म्हणून.”

दोन तासांत तिची नोकरी होणार नव्हती आणि नोकरी गेली की घर जाणार होतं. राहिली संस्था. तिथे मी दोन वर्षं काढली होती. चाळीस पोरं, आम्ही तिघी बायका. आडव्या पोरांच्या तोंडात भराभर ढकलायचं आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. तिथे सात घास म्हणजे अख्खं जेवण असायचं.

म्हणून दावा लावला. सुनावणीच्या आदल्या दिवशी आमच्या वकीलबाई घरी आल्या आणि आईकडून घोकून घेऊ लागल्या. “तिला काही म्हणजे काही येत नाही, असंच सांगायचं. एक जरी ‘पण’ तोंडातून निघाला तर गेलात!”

“खाता येत नाही. बसता येत नाही. काही धरता येत नाही,” आई म्हणत होती.

“अहो, ती ऐकतेय,” मी म्हटलं.

“ऐकू दे. तिच्याच भल्याचं आहे,” वकीलबाई म्हणाल्या.

खुर्चीतल्या चिमणीने डोळे घट्ट मिटले होते.

आणि आता मी पिंजऱ्यात उभी होते.

“म्हणजे मुलगी स्वतः जेवते,” खात्याचा वकील म्हणाला.

“जेवते म्हणजे, कोपर मी धरते, हनुवटी मी धरते. ठसका लागला तर पाठ मी चोळते. आधी पाऊण तास लागायचा, आता दीड तास—”

“हो की नाही?”

“साहेब, तिनं हातानं खायचं तर मला जास्त वेळ लागतो, कमी नाही!”

“एवढ्याशा प्रश्नाला एवढं मोठं उत्तर? हो की नाही, बाई?”

“तुम्ही हातानं जेवायला लागलात, तेव्हा तुमच्या आईला कुणी घरातून हाकललं होतं का?”

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मला दटावलं. मग चष्मा काढून म्हणाले, “मुलगी इथेच आहे ना? बघूया. चमचा आहे?”

चमचा माझ्या पिशवीत असायचाच. तीसेक माणसं माना उंच करून बघत होती. मी चिमणीसमोर गुडघे टेकले आणि चमचा तिच्या तळव्यावर ठेवला. बोटं मिटली.

“कोपर सोडा,” वकील म्हणाला.

मी सोडलं. चिमणीने आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे बघत होती.

हे लोकांना कधीच कळलं नाही, म्हणून सांगते. चिमणीची मूठ एकदा मिटली की उघडायची नाही. कोमट पाण्यात धरून, चोळून, एकेक बोट मी सोडवायची. धरणं तिला जमलं होतं. सोडणं कधीच जमलं नव्हतं. त्या दिवशी तिच्या कपाळाची शीर तट्ट फुगली, ओठ पांढरे पडले. आधी करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. मग उरलेली सगळी. चमचा फरशीवर पडला.

“दिसतंच आहे,” न्यायाधीश म्हणाले.

आम्ही जिंकलो. सहा तास परत मिळाले. वकीलबाईंनी चिमणीचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाल्या, “शहाणी गं बाय!” त्या क्षणी मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्यांच्या, त्या वकिलाच्या, आणि कुठल्याशा कचेरीत बसून माझ्या सात घासांखाली लाल रेघ ओढणाऱ्या त्या माणसाच्याही.

दुसऱ्या दिवशी आईची सुट्टी होती. दुपारी मी ताट वाढलं, चमचा चिमणीच्या तळव्यावर ठेवला. बोटं मिटलीच नाहीत. चमचा मांडीवर घसरला.

आई पुढे आली. “धर गं राणी. आता कुणी बघत नाही. जिंकलो आपण.”

चिमणीने डोळे मिटले. मग तोंड उघडलं आणि तशीच वाट बघत राहिली.

संध्याकाळी मी वहीत लिहिलं : भरवलं. आईने माझ्या खांद्यावरून ते वाचलं. चमच्याच्या दांड्यावरची फलालीनची पट्टी तिने हळूहळू उलगडली, धुतली, आणि दोरीवर चिमणीच्या कपड्यांशेजारी वाळत घातली.