वर्दी दिसली की सलामी

ऑफिसातून जरा लवकर सुटका झाली म्हणून ती चौकाच्या वाटेनं घरी निघाली, आणि दुकानांच्या कमानीखाली तिचे पाय जागीच खिळले. तिचे वडील क्लॅरनेट वाजवत उभे होते. शेजारी बाबागाडीत तिची आठ महिन्यांची लेक झोपलेली, आणि पुढ्यात वाद्याची पेटी सताड उघडी. पेटीत नाणी.

"बाबा!" ती बाबागाडीकडे धावली.

बाबा नात सांभाळायला परमुलखात आले होते, पाहुण्यांच्या व्हिसावर. पाहुण्यानं इथं कमाई करायची नाही, पकडलं तर परत पाठवतात, पुन्हा पाऊल ठेवू देत नाहीत, हे तिनं विमानतळावरून घरी येतानाच बजावलं होतं. बाबांनी मान डोलावली होती. बाबांनी मान डोलावली म्हणजे या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं, हे ती लहानपणापासून ओळखून होती. पण लेकीला ठेवायचं तरी कुणाजवळ?

तिनं आधी बाबागाडीत डोकावलं. टोपडं जागेवर, हात ऊबदार. मग वडिलांकडे पाहिलं. जन्म लग्नाच्या बँडमध्ये गेलेला. चालत वाजवायची सवय, म्हणून उभ्या जागी पाय उचलत होते. सूर मात्र संथ होता. इतकं संथ वरातीत कोण वाजवू देणार? पाचसहा माणसं गप्प उभी राहून ऐकत होती.

तेवढ्यात कोपऱ्यावरून पोलीसबाई आली. बँडवाल्यांची रीत अशी, की वर्दी दिसली की सलामी. बाबांनी चाल अर्ध्यावर सोडली, टाचा जुळवल्या आणि दणक्यात सलामी वाजवली. लोक हसले. पोलीसबाई हसली नाही.

तिचे परक्या भाषेतले प्रश्न बाबांना कळेनात. शेवटी त्यांची लेकच पुढं झाली. माझे वडील आहेत, पाहुणे आहेत, म्हणाली. खोटं बोलायला धीरच झाला नाही. पोलीसबाईनं शांतपणे समजावलं: वाजवायला हरकत नाही, पण पैसे घेतले की तो धंदा झाला, आणि तो पाहुण्याला चालत नाही. या खेपेला सोडते, पुन्हा दिसलं तर नोंद होईल. एवढं बोलून ती चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.

"काय म्हणाली गं?"

"वाजवायला बंदी आहे. अजिबात."

तोंडातून निघूनच गेलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं क्षणभर वाटलंही तिला.

बाबांनी वाद घातला नाही. खाली बसून क्लॅरनेटचे सांधे एकेक करून सोडवायला लागले. आतून फडकं फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"तिला एवढं सांग," ते वर न बघता म्हणाले, "पैसे नकोत आम्हाला. लोकांनी टाकले, मी नको म्हणालो नाही, चुकलंच. पण इतकी वर्षं लोक माझ्यापुढं नाचले, शिट्ट्या मारल्या. उभं राहून ऐकलं कुणी नव्हतं गं."

ती बाबांशेजारी उकिडवी बसली.

"बाबा... पैसे न घेता वाजवलं तर चालेल, म्हणाली ती."

फडकं थांबलं. "मग बंदी?"

"ती मी घातली. तुम्हाला परत पाठवलं तर मी काय करू?"

बाबांनी फडकं खांद्यावर टाकलं. "तुझी आई दूध उतू जाईल म्हणून भ्यायची," ते म्हणाले. "तू गॅस पेटवायच्या आधीच भितेस."

मग त्यांनी सगळी नाणी कमानीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या अकॉर्डियनवाल्याच्या पुढ्यातल्या टोपीत ओतली. तो बिचारा चक्रावून उठून उभाच राहिला. पेटी मिटून बाबांनी कड्या लावल्या, सांधे जोडले आणि तीच संथ चाल पहिल्यापासून धरली.

लोक येत. पावलं मंदावत. काही टाकायला जागा नाही असं बघून ओशाळत आणि पुढं जात. बाबागाडीतली लेक जागी झाली तशी तिनं तिला कडेवर घेतलं आणि वडिलांच्या समोर जाऊन उभी राहिली. चाल संपेपर्यंत हलली नाही. अर्धं लक्ष त्या वर्दीवर होतं. उरलेलं अर्धं तिनं बाबांना दिलं.