सुकडी

पंचमीला माहेरी आलेली हरणा दसरा उलटला तरी सासरी जायचं नाव काढत नव्हती, आणि बनुबाईलाही लेकीला धाडायचं नव्हतं. पण 'धाडत नाही' म्हणायला कारण लागतं. कारण म्हणजे काय, तर चार माणसांना पटेल असा शब्द. आणि तोच मेला बनुबाईला सापडत नव्हता.

आज पोरीला न्यायला खुद्द व्याही आले होते. लालासाहेब, कृष्णाकाठचा बागायतदार, धोतराला डाग म्हणून नाही. जावई पलटणीत, बनुबाईचा नवरा मुंबईत गिरणीला. म्हणजे घरात बोलायला गडीमाणूस कुणी नाही. म्हणून भावकीतले नानासो मध्यस्थ होऊन सोप्यात बसले होते. नानासोंचा न्याय सगळ्या माण तालुक्यात ठाऊक होता. ज्याचं जोडं कोरं करकरीत, त्याची बाजू खरी.

"बोल बनू, काय म्हणणं हाय तुजं?"

"पोरीला जाच हाय."

"मारत्यात?"

"न्हाई."

"उपाशी ठिवत्यात?"

"खायला तर लय हाय."

"मग जाच कसला गं?" नानासोंनी पानाला चुना लावायला घेतला, म्हणजे त्यांच्यापुरता विषय संपला.

बनुबाईनं सांगायचा प्रयत्न केला. मोठ्या दुष्काळात सगळा तालुका खडी फोडायला गेला होता आणि सरकारी कामावर वाटायची ती सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाची गोड भुकटी, खाऊन जगला होता. हरणाही जगली. लग्न झाल्यावर पोरीनं भोळेपणानं हे सासरी सांगितलं, आणि त्या दिवसापासून तिचं नाव सुकडी पडलं. सुकडे, पाणी आण. सुकडे, शेण काढ. जेवायला बसली की सासू म्हणणार, "खा बाई, पुन्ना मिळंल न मिळंल." कालवण मागितलं की दीर म्हणणार, "वाढा, तिचा दुष्काळ अजून फिटला न्हाई." आणि सगळं घर हसणार. पोरगी अर्ध्या भाकरीवरून उठायला लागली. दुधातुपाच्या घरात राहून तिच्या गळ्याची हाडं वर आली. मार म्हणावा तर अंगावर वळ नाही, उपास म्हणावा तर ताट भरलेलं. आता ह्याला म्हणायचं तरी काय?

"आवं, चेष्टा हो ती!" लालासाहेब मोकळेपणी हसले. "लाडानं म्हणत्यात समदी. घरात जरा हसणं-खिदळणं नगो व्हय?"

नानासो दाराकडं वळले. "पोरी, तूच सांग. काय तरास हाय?"

दाराआडून हरणा म्हणाली, "लय सासुरवास हाय, आबा."

बिचारीला याहून मोठा शब्द येत नव्हता. नानासोंना मात्र हसू आवरेना. "आगं, सासरला वास केला की सासुरवास आलाच! तुज्या आयनं केला, आज्जीनं केला. त्यात नवाल काय?"

डोकं फोडून घ्यावं असली ही भाषा. दुखण्याचं नाव तेच आणि राहण्याच्या जागेचं नाव तेच. बाईनं ओरडून सांगितलं तरी ऐकणाऱ्याला वाटतं, पत्ता सांगतेय.

"जेवून घ्या पाव्हणं, आन घिऊन जावा पोरीला," नानासोंनी निकाल दिला.

बनुबाई उठून चुलीपाशी गेली. बाजरीची भाकरी, हुलग्याची आमटी, कांदा. ताट पुढं ठेवून ती समोरच बसली. लालासाहेबांनी पहिला घास मोडला.

"खावा पाव्हणं, पोटभर खावा. उसातली माणसं तुमी, चिपाडं चघळून दात झिजलं आसतील."

लालासाहेब कसनुसं हसले.

"आणि वाढू का, चिपाडराव? लाजू नगा. तिकडं भाकरी कुटली मिळायला!"

घास तोंडापाशी थांबला. लालासाहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी घास ताटात टाकला आणि ताट पुढं ढकललं. "नानासो! घरात बसवून आपमान करती ही बाई आमचा!"

"बनू, पाव्हण्याचा आपमान केलास!" नानासो उभेच राहिले.

दोघांनाही शब्द लगेच सापडला, आणि दोघांनाही एकच. बनुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मारलं का म्या? उपाशी ठिवलं? चेष्टा केली. लाडानं!"

लालासाहेबांनी जोडे पायात सरकवले. "ठिवा तुमची पोरगी. आमी नांदवत न्हाई," म्हणाले आणि निघाले. नानासो त्यांच्या विनवण्या करत मागं धावले. बनुबाईनं ढकललेलं ताट उचललं. जे हवं होतं ते झालं होतं. हरणा आता जाणार नव्हती.

दिवस मावळायच्या आत शेजारची अंबूबाई दारात आली. "टाकली म्हनं गं पोरीला?"

"टाकली न्हाई. म्या ठिवून घितली."

"त्येच की."

"त्येच कसं? टाकणारं ते, ठिवणारी मी. मग माज्या पोरीला टाकल्याली का म्हनायचं?"

"मग काय म्हनायचं?"

दिवसभर भांडून पुन्हा गाडं तिथंच. बनुबाईला रडायला आलं. "तूच सांग की. आयनं ठिवून घितल्याल्या पोरीला काय म्हनत्यात?"

अंबूबाई वाईट बाई नव्हती. तिनं उंबऱ्यावर टेकून खरोखरच विचार केला.

"तसला शबूद न्हाई गं बाई," ती म्हणाली. "कुणी ठिवून घेतच न्हाई, तर शबूद कुटनं यायचा?"