सेकंदाचा पंधरावा भाग

सव्वासहाला भाऊ उठले. दाढी केली, कानाखाली एक बारीक ओरखडा आला, त्यावर तुरटी फिरवली. मग खिडकीजवळच्या टेबलावर जुनी कातडी बॅग उघडून रोजच्या क्रमाने सामान भरू लागले. आधी दोन बॅटऱ्या, मग कार्डांची डबी, भिंगं पुसायचं फडकं, मुठीत मावतील अशा तीन लेन्स आणि सर्वांत शेवटी कॅमेरा. एवढं सगळं आत गेलं तरी बॅग निम्मी रिकामीच राहिली. चार महिने झाले, पण त्या रिकाम्या जागेची त्यांना अजून सवय झाली नव्हती. बॅग खांद्याला लावताना काहीतरी घरीच राहिलं असं वाटून ते दाराशी थांबत आणि पुन्हा उघडून बघत.

बायकोने चहाचा कप समोर ठेवला.

"अगं, कप अर्धाच का?"

"अर्धा कुठे? दोन बोटं कमी आहे. गरम असतो, ओठ भाजतात तुमचे."

"छत्तीस वर्षं भाजले नाहीत ते!"

"आता वय झालंय ओठांचं," ती म्हणाली आणि पाठ वळवून कट्टा पुसू लागली. कट्टा कोरडाच होता.

कप दोन बोटं कमी भरू लागला त्यालाही चार महिनेच झाले होते, याचा हिशेब मात्र भाऊंनी मनात केव्हाच केला होता.

गेल्या वर्षी एका समारंभाचे बरेच फोटो हलले होते. मग दुसऱ्याचे, तिसऱ्याचे. जुना कॅमेरा लेन्ससकट अडीच किलोचा. "वजन झेपत नाही आता, मान अवघडते," असं भाऊ म्हणाले आणि घरच्यांनीही ते जरा जास्तच चटकन मान्य केलं. दुसऱ्या शहरात नोकरी करणारी मुलगी पुढच्याच सुट्टीत हा नवा कॅमेरा घेऊन आली.

"बाबा, याच्या आत आरसाच नाही. म्हणून हलका."

"मग बघायचं कशातून?"

"आत छोटा पडदा आहे. फोटो जसा येणार, तसा आधीच दिसतो."

"म्हणजे माझ्याआधी यानेच बघून घ्यायचं!"

ती हसली. जाताना एका कार्डावर सूचना लिहून बॅगेत ठेवून गेली. प्रत्येक सूचनेपुढे 'तुम्हाला वाटेल तसं बदला' असं होतं. फक्त शेवटची ओळ वेगळी होती : 'स्टॅबिलायझर कायम चालू. बंद करू नका.' तिच्याखाली दोन रेघा होत्या. भाऊंनी ते कार्ड कितीदा तरी वाचलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं. सगळ्या गोष्टींत मोकळीक देणारी मुलगी याच एका ठिकाणी एवढी ठाम का?

चहा संपवून भाऊ निघाले. त्या दिवशी काम कारखान्यात होतं. तिथे एक रीत होती. निवृत्त होणाऱ्या माणसाचा शेवटच्या दिवशी त्याच्या नेहमीच्या जागेवर, कामाच्या कपड्यांत फोटो काढायचा आणि कॅन्टीनकडे जाणाऱ्या लांब व्हरांड्यात लावायचा. सव्वीस वर्षांतले सगळे फोटो भाऊंचे. त्यांनी कधी फ्लॅश वापरला नाही. ज्या उजेडात माणसाने आयुष्यभर काम केलं, त्याच उजेडात त्याचा चेहरा दिसावा, असा त्यांचा आग्रह. उजेड कमी, म्हणून सेकंदाचा पंधरावा भाग शटर उघडं ठेवावं लागे. कोपर बरगड्यांना टेकवायचं, अर्धा श्वास सोडायचा आणि दाबायचं. हात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा, असं लोक म्हणत. भाऊही मनातल्या मनात म्हणत.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"भाऊ, आज कॅमेरा नाही आणला?"

"गळ्यात काय आहे मग?"

"हा होय! मला वाटलं दुर्बीण. मोठा दुरुस्तीला टाकला का?"

"मोठा निवृत्त झाला," भाऊ म्हणाले.

त्या दिवशी निवृत्त होणाऱ्या बाई मोजमाप खोलीत होत्या. मिलिमीटरच्या हजाराव्या भागासाठी त्या माल परत पाठवत, म्हणून सगळा कारखाना त्यांना मागून मायक्रॉनबाई म्हणे. त्यांना ते ठाऊक होतं. भाऊ आत आले तेव्हा बाईंनी लाकडी पेटीतून पोलादाचा एक चकचकीत ठोकळा काढून मायक्रोमीटरच्या जबड्यात धरला होता. ठोकळ्याचं माप पक्कं ठरलेलं. उपकरण बरोबर दाखवतंय की नाही, हे त्यावरून कळे.

"बाई, आज शेवटचा दिवस. आज कशाला तपासताय?"

"शेवटचा दिवस माझा आहे, याचा नाही. बसू कुठे?"

"रोज बसता तिथेच."

भाऊंनी वरचे दिवे बंद केले. बाई रोज ज्याच्या उजेडात मापं घेत, तो भिंतीवरचा वाकवलेला दिवा तेवढा राहिला. त्याचा उजेड बाईंच्या बोटांवर आणि चष्म्याच्या कडेवर पडला. बाई ताठ बसल्या, श्वास रोखून. बराच वेळ गेला.

"अहो, दाबा की! जीव जाईल माझा."

"चार झाले."

"आवाज कुठे आला?"

"याला आवाज नसतो. लेकीने बंद करून दिलाय."

"मग झाला कशावरून?"

भाऊंनी मागचा पडदा दाखवला. बाईंनी टेबलावरचं भिंग उचललं आणि त्यातून स्वतःच्या पापण्या तपासल्या.

"छान आहे. हललेला एकही नाही?"

"चार महिन्यांत एकही नाही." सांगताना आवाजात अभिमान यायला हवा होता. आला नाही.

"मग तुमच्या जागी मी असते तर घाबरले असते," बाई सहज म्हणाल्या. "एकदा आमच्याकडे एका मापकाने तीन आठवडे एकही तुकडा नापास केला नाही. सगळे खूश, साहेबांनी पाठ थोपटली. मला मात्र चैन पडेना. म्हटलं, एवढं चांगलं कसं होईल?"

"मग?"

"मग काय, ठोकळा घातला. काटा अडकलेला निघाला."

भाऊंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. दोन रेघांची ती ओळ डोळ्यांपुढे आली. "बाई, आणखी दोन मिनिटं बसाल?" असं म्हणून त्यांनी कॅमेऱ्यातली सेटिंगची यादी उघडली आणि हात हलला तरी चित्र सावरून धरणारा तो स्टॅबिलायझर शोधून बंद केला.

डोळा लावला, तर आतलं चित्र तरंगू लागलं. बाई, दिवा, मायक्रोमीटर, सगळंच काठाला बांधलेल्या होडीसारखं थोडं इकडे, थोडं तिकडे. आधी त्यांना वाटलं, कॅमेराच बिघडला. मग त्यांनी कोपर बरगड्यांना टेकवलं, अर्धा श्वास सोडला. सेकंदाचा पंधरावा भाग. एक, दोन, तीन.

पडद्यावर मोठं करून पाहिलं. चष्म्याला दोन कडा आल्या होत्या आणि मायक्रोमीटरवरच्या रेघा एकमेकींत मिसळल्या होत्या. तिन्ही फोटोंत तसंच. आणि हातातला हा कॅमेरा त्यांच्या जेवणाच्या डब्यापेक्षाही हलका होता. वजनाला बोल लावायची सोय उरली नव्हती.

"बघू," बाईंनी हात पुढे केला.

'तुम्ही हललात,' हे शब्द भाऊंच्या जिभेवर तयार होते. गेल्या वर्षी किती गिऱ्हाइकांना त्यांनी ते ऐकवले होते, आणि त्या बिचाऱ्यांनी ओशाळून खरे मानले होते. त्यांनी कॅमेरा बाईंच्या हातात दिला.

बाईंनी भिंग फिरवलं. "मी हलले का हो?"

"नाही. मागचा दिवाही हललाय."

"तो तर भिंतीला चार स्क्रूंनी बसवलाय."

"हो."

बाहेर कुठलंतरी यंत्र सुरू झालं आणि टेबलावरच्या पेटीचं झाकण बारीक थरथरलं. बाईंनी कॅमेरा दोन्ही हातांनी परत दिला.

"पहिल्या चारांतला एक लावा व्हरांड्यात," त्या म्हणाल्या. "आणि हा टाकून देऊ नका. यावर तारीख घाला. आम्ही नापास तुकड्यावरसुद्धा घालतो. पुढे किती वाढलं, ते कळायला लागतं."

दुसऱ्या दिवशी बायको स्वयंपाकघरात आली, तेव्हा भाऊ टेबलाशी बसून एका फोटोच्या मागे लिहीत होते. तारीख, वेळ, 'पंधरावा भाग, स्टॅबिलायझर बंद'. त्यांचं अक्षर हल्ली ओळीच्या शेवटी बारीक होत जाई. तेही त्यांनी आज नीट पाहिलं.

तिने फोटो उचलला. "अगं बाई, हा हललाय की! त्या बाई हलल्या वाटतं."

"नाही. मी."

ती फोटोकडे बघत राहिली. तिच्या हातात तो अगदी स्थिर होता.

"नसांच्या डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला असेल ना तुम्ही मायलेकींनी?"

"अहो, तसं काही..."

"कुठे आहे?"

"साखरेच्या डब्याखाली," ती हळूच म्हणाली. "चार महिने झाले."

भाऊंनी डबा उचलला. चिठ्ठीला साखर चिकटली होती, ती झटकली. दवाखाना आठला उघडत होता. तोवर त्यांनी बॅग भरली : दोन बॅटऱ्या, कार्डांची डबी, फडकं, लेन्स, कॅमेरा, आणि उरलेल्या जागेत तो फोटो, पुठ्ठ्यात घालून, दुमडू नये असा. आठ वाजून दोन मिनिटांनी त्यांनी स्वतः फोन लावला, स्वतःचं वय सांगितलं, काय होतंय तेही सांगितलं. दुपारी बाराची वेळ मिळाली.

फोन ठेवला तेव्हा बायकोने चहा पुन्हा गरम केला होता. तिने कप टेबलावर ठेवला, भांडं तिरकं केलं, नेहमीच्या ठिकाणी क्षणभर थांबली, आणि मग काठापर्यंत ओतला.

भाऊंनी तो दोन्ही हातांनी उचलला.